मे महिन्यातला गंज

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आजोबांचा चाकू बाहेर काढतो. नागपुरात पाऊस यायला तेव्हा आठ-दहा दिवस असतात. तेवढ्यात पातं पुसायचं, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडायचा, नव्या फडक्यात गुंडाळायचं आणि नवरात्रापर्यंत पुन्हा खणात ठेवायचं. गेल्या वर्षीही फडकं उलगडलं, आणि पात्यावर गंज दिसला. ताजा, केशरी, बोटाला लागणारा.

मला पटेचना. पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, ओठ फुटलेले, गच्चीवर वाळत घातलेली चादर वीस मिनिटांत पापडासारखी कडक होत होती. अशा खडखडीत उन्हाळ्यात लोखंडाला ओल मिळाली कुठून?

आधी चाकूबद्दल सांगतो, म्हणजे जीव का खालीवर झाला ते कळेल. मिटलेला असताना साडेतीन इंच. दोन पाती, एक मोठं, एक पेन्सिलीचं. मूठ हाडाची, पिवळसर, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. मोठ्या पात्याच्या मुळाशी शिक्का आहे: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड. शेजारी एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरातल्या या घराण्याची ही जुनी खूण. शिक्क्यात 'जी' आणि 'आर' या इंग्रजी अक्षरांमध्ये एक इवलासा मुकुट आहे. जुन्या चाकूंचा नाद असलेल्यांसाठी तो मुकुट म्हणजे जन्मपत्रिका. 'व्ही आर' असेल तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, 'ई आर' असेल तर १९०१ ते १९१० मधला, आणि 'जी आर' असेल तर दोन जॉर्ज राजांच्या काळातला, म्हणजे १९१० ते १९५२. आमचा 'जी आर'. आजोबा १९४१ साली एम्प्रेस मिलमध्ये लागले आणि पहिल्या दिवाळीच्या पैशांतून त्यांनी तो सीताबर्डीवर घेतला, असं घरात सांगतात. जमशेदजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. राणीच्या नावाची मिल आणि राजाच्या शिक्क्याचा चाकू. आजोबांना त्याचं काही नव्हतं. ते त्या चाकूनं सुताची गाठ कापत, आमच्या पेन्सिली तासत आणि मार्च-एप्रिलमध्ये कैरीच्या फोडी करत. संत्रं मात्र कधी नाही. संत्र्याला चाकू लावणारा माणूस नागपूरचा नसतो. ते हातानंच सोलायचं.

पोलाद साधं आहे, कार्बनचं. त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद तयार केलं होतं, पण खिशातल्या चाकूंना पुढेही कित्येक वर्षं साधं पोलादच वापरत राहिले, कारण त्याला धार लवकर येते आणि चांगली येते. धार चांगली, पण जपणूक रोजची. कैरी कापली की पातं निळं-काळं पडायचं. आजी म्हणायची, विळीसारखंच आहे मेलं. आजोबा ते धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि त्यांच्या हयातीत त्याला गंज लागलेला कोणाला आठवत नाही. वापरातलं लोखंड गंजत नाही, हे त्यांचं वाक्य. ते गेल्यावर चाकू वापरातून गेला आणि माझ्या खणात आला.

तर गंज. उजेडात धरून पाहिला तेव्हा तो एकसारखा नव्हता. शिक्क्याच्या आसपास केशरी भुकटीचा पातळ थर होता. सांध्याजवळ, पातं मिटतं तिथं, एक तपकिरी रेघ होती. आणि पात्याच्या मधोमध एक गोल ठिपका, करंगळीशेजारच्या बोटाच्या पेराएवढा, कडेला गडद, आत खरखरीत. तो मी कितीतरी वेळ पाहत होतो, आणि मग एकदम उमजलं. खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला आईची शिलाई मशीन, माझी स्कूटर, मुलीचा लॅपटॉप, घरातली विळी, पान्हे-पक्कड आणि आजोबांचा चाकू असे सगळे पाटावर मांडले जातात. आई अनामिकेनं ओलं हळद-कुंकू लावते, अक्षता वाहते, झेंडूचं फूल ठेवते. आदल्या ऑक्टोबरात मी चाकू दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला होता, वरवर पुसला होता आणि ठेवून दिला होता. ओल्या कुंकवाखाली पोलादानं एक अख्खी रात्र काढली होती. नंतर जे झालं ते त्या जागेपासून सुरू झालं होतं. तो डाग माझ्या आईच्या बोटाचा होता.

पण ठिपका म्हणजे सगळा गंज नव्हे. बाकीचा कुठून आला? हा प्रश्न मी सोडला नाही. हवेतली आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र आणलं, चारशे रुपयांत मिळतं. दुपारी तीन वाजता गच्चीवर ठेवलं: १६ टक्के. खाली खोलीत आणलं: ६७. चाकू असलेल्या खणात ठेवून अर्ध्या तासानं पाहिलं: ७१.

कूलर.

नागपूरकराला यापुढे सांगायला नको. एप्रिल ते जून कूलर चोवीस तास चालतो. बाहेरची आगीसारखी हवा ओल्या गवतातून आत येते आणि येताना पाणी घेऊन येते. आपल्याला गार वाटतं ते त्या पाण्यामुळेच. आमचा कूलर बोअरच्या पाण्यावर चालतो. महिन्याभरात त्याच्या गवतावर पांढरे क्षार खडूसारखे जमतात, आणि पंख्यातून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर त्यातले थोडे खोलीभर फिरत असणारच. माझं कपाट कूलरच्या बरोबर समोर होतं. लोखंडाच्या गंजण्याला हवेतल्या ओलीचा एक उंबरठा असतो, साधारण साठ टक्क्यांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं हे प्रयोगांनी दाखवलं. त्याखाली पोलाद बराच काळ तग धरतं, त्यावर गेलं की डोळ्यांना न दिसणारी पाण्याची साय पृष्ठभागावर धरते आणि काम सुरू होतं. क्षार असले तर आणखी लवकर. मी इतकी वर्षं पावसाळ्याची वाट पाहत जूनमध्ये तेल लावत होतो, आणि माझ्या घरातला पावसाळा एप्रिलमध्येच सुरू होत होता.

काढायचा कसा, यात मी आधी चुकलो. शेजारच्या काकूंनी लिंबू-मीठ सांगितलं. तांब्याच्या हंड्याला चालतं म्हणून मी पात्याच्या टोकाकडे लावून पाच मिनिटं चोळलं. केशरी रंग गेला खरा, पण खालचं पोलाद राखाडी, आंधळं झालं. सकाळी त्याच जागी नवा गंज उगवलेला, पहिल्यापेक्षा दाट. लिंबाचं आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं, आणि मीठ तर गंजाचं खाद्यच आहे. त्या जागेला मी खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावली, पुसलं, वाळवलं आणि हात थांबवला. तो राखाडी चट्टा आजही आहे. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा असंही पुष्कळ जण सांगतात. हातोड्याला, बागेतल्या कात्रीला बुडवा खुशाल. हाडाच्या मुठीचा चाकू बुडवला तर आम्ल रिव्हेटच्या भोकांतून आत शिरतं आणि तिथून ते कोणी काढू शकत नाही.

त्याहून घातक म्हणजे पॉलिशचं चाक. माझ्या मावसभावानं त्याच्या वडिलांची खुखरी धार लावणाऱ्याकडे दिली होती. दहा मिनिटांत आरशासारखी करून मिळाली. पात्यावरचं कोरीव काम अर्धं पुसलेलं, कडा गोल झालेल्या. भाऊ खूश होता. मी घरी येऊन जेवू शकलो नाही. गेलेलं पोलाद परत येत नाही, आणि शिक्का किती खोल असतो? नखानं जाणवेल न जाणवेल इतका.

शेवटी मी आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेलो. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. चाकू त्यांनी हातात घेतला नाही. रुमाल पसरला आणि म्हणाले, इथं ठेव. घामाच्या बोटांनी पोलादाला शिवायचं नाही, हा पहिला धडा तिथंच झाला. भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"जंग दोन जातीचा असते बाबू," ते म्हणाले. "लाल अन् काळा. लालले ठेवू नको. काळ्याले हात लावू नको."

लाल गंज भुसभुशीत असतो. ज्या लोखंडापासून तो बनतो त्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो, आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवतो. त्याच्याखाली खड्डा होत राहतो. काळा थर मात्र घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूवर थोडंफार पांघरूण घालतो. आजोबांच्या कैऱ्यांनी पात्यावर आणलेली निळी-काळी झाकही अशीच निरुपद्रवी. संग्रह करणारे तिला जपतात. मी ती घासून काढायला निघालो होतो.

काकांनी दिलेला उपाय इतका साधा होता की मला जरा खोटाच वाटला. शिलाई मशीनचं तेल भरपूर लाव, दोन दिवस विसरून जा. मग तांब्याच्या नाहीतर ब्राँझच्या कशानंतरी खरवड. पोलादापेक्षा मऊ पाहिजे, गंजापेक्षा कडक पाहिजे.

तसं काहीतरी आजोबांच्याच डबीत होतं. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाचा ब्राँझचा एक नया पैसा. आजोबांनी तो नवा म्हणून ठेवला होता.

दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला गच्चीवर बसलो. तिथं कूलर नाही, घाम नाही, उजेड तिरपा येतो. आधी मोबाइलवर शिक्क्याचे फोटो काढले, निरनिराळ्या कोनांतून, म्हणजे काही बिघडलं तरी काय होतं त्याची नोंद राहील. मूठ फडक्यात धरली. नाण्याची कड पात्यावर जवळजवळ आडवी ठेवली आणि दाब न देता पुढं सरकवली. आवाज आला, पाटीवर पेन्सिल घासल्यासारखा. तेलात तपकिरी चिखल सुटला, चहाच्या गाळासारखा. पुसला, पुन्हा तेल, पुन्हा नाणं. मध्ये एकदा पात्यावर तांबूस रेघ उमटली आणि काळजाचा ठोका चुकला. ती नाण्याची होती. तेलाच्या बोळ्यानं निघून गेली. नाणं झिजत होतं, पोलाद नाही. हेच पाहिजे होतं.

शिक्क्याला नाणं चालणार नव्हतं. तिथं बांबूची काडी तासून टोकदार केली, तेलात बुडवली आणि एकेक अक्षर घेतलं. 'जी'च्या पोटात गंज होता. मुकुटाच्या पाच टोकांपैकी तीन मोकळी झाली, दोन झाली नाहीत. क्रॉसच्या डाव्या भुजेत एवढासा कण अडकलेला, तो निघायला एक अख्खी सकाळ गेली. भिंगातून पाहताना ते अक्षर मला शेताएवढं वाटू लागलं होतं. चार पहाटा गेल्या. पाचव्या दिवशी सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून दोन बोटांत धरली आणि पात्याच्या लांबीच्या दिशेनं, मुळाकडून टोकाकडे, अगदी हलक्या हातानं चार-पाच वेळा फिरवली. आडवी नाही, गोल नाही. पातं कारखान्यात ज्या दिशेनं घासलेलं असतं त्या रेघांबरोबरच जायचं, नाहीतर उजेडात ओरखडे कायमचे दिसतात.

मधल्या ठिपक्यावरचा लाल थर सगळ्यांत आधी निघाला. खाली काळी गोल सावली उरली आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढे तीन खड्डे. ते घालवायचे तर त्या खोलीपर्यंत सगळं पातं घासावं लागलं असतं, आणि मग शिक्काही गेला असता. काकांना दाखवलं. भिंग न लावताच म्हणाले, "झालं तुझं काम. आता थांब."

थांबलो. थांबणं जड गेलं हे खरं. हात सराईत झालेला असतो, अजून थोडं, अजून थोडं असं होतं.

त्या दिवसांत मला राहून राहून आपल्या भागातली शिळावर्तुळं आठवत होती. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं मोठाल्या दगडांची वर्तुळं आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आणि त्याहून जुन्या माणसांच्या दफनांची. त्यात मृताबरोबर लोखंडाच्या वस्तू ठेवलेल्या सापडल्या: कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या. पारशिवनीकडच्या नायकुंडला तर डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे शेफील्डचं नावही नव्हतं तेव्हा आपल्या पेंचच्या काठावर लोखंड बनत होतं. इतक्या जुन्या लोखंडात पुष्कळदा धातू उरलेलाच नसतो. वस्तूचा आकार राहतो तो गंजातच. तो गंज काढला तर हातात माती राहील. संवर्धन करणारे लोक म्हणूनच तिथं आधी विचार करतात की वस्तूची मूळ कड गंजाच्या कोणत्या थरात आहे, आणि मग बोट लावतात. मी त्यांच्याइतकी विद्या शिकलेलो नाही, पण त्या चार पहाटांत त्यांचा हात मला थोडा कळला.

आता राखणीचं. खण बदलला, ही सर्वांत मोठी गोष्ट. कूलरची हवा पोहोचत नाही अशा आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात माझे सगळे अकरा चाकू गेले. तेलाचा पहिला हात आता मार्चअखेर, कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी. तेलाबद्दल आपल्याकडे एक घोटाळा होतो. घरात असतं ते खोबरेल, आणि आपल्या विदर्भाचं म्हणून जवसाचं. खोबरेल नागपूरच्या थंडीत गोठतं आणि कालांतरानं खवट होतं. जवसाचं तेल हवेत वाळून त्याचा चिकट पापुद्रा होतो. लाकडी दांड्याला ते उत्तम, पण चाकूच्या सांध्यात गेलं तर स्प्रिंग जाम. म्हणून खनिज तेल, शिलाई मशीनचं, आणि तेही पुसून उरेल इतकंच. चपचपीत तेलावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते. ज्या चाकूंना वर्षभर हात लावायचा नाही त्यांच्या पात्यांना मी मेणाचा पातळ हात देतो. संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण मिळतं, आणि डबी वर्षानुवर्षं संपत नाही.

कातड्याच्या म्यानात ठेवू नका. म्यान दिसायला छान, पण कातडं ओल शोषतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात राहतात. पितळेला हिरवं आणि पोलादाला तांबडं तिथूनच येतं. म्यान वेगळं, चाकू वेगळा. सिलिका जेलच्या पुड्या औषधांच्या डब्यांतून सगळ्यांकडे साठतात; त्या ओल्या झाल्या की नुसत्या पडून असतात हे ध्यानात ठेवावं, ओव्हनमध्ये कोरड्या केल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. काकांनी मला कारखान्यात बेअरिंग गुंडाळतात तो गंजरोधक कागद दिला. त्यातून संथपणे वाफ सुटते आणि धातूवर बसते. घट्ट झाकणाच्या डब्यात तो फार चांगलं काम करतो.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्याकडे कासवाच्या पाठीसारख्या मुठीचा एक छोटा चाकू होता. त्याला कापरासारखा वास यायचा, मला तो आवडायचा. ती मूठ सेल्युलॉइडची, आणि सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून. जुनं झालं की ते कुजतं आणि त्यातून आम्लाचे वायू सुटतात. शेजारच्या दोन चाकूंना वर्षभरापूर्वी लागलेला गंज ओलीचा नव्हताच, त्या वासाच्या चाकूचा होता. तो आता एकटा, उघड्या फळीवर असतो.

गेल्या खंडेनवमीला पाट मांडला. मशीन, विळी, पान्हे, लॅपटॉप. चाकू मी शेवटी आणला, पातं उघडून तांबड्या रुमालावर ठेवलं. आदल्या रात्री मेणाचा हात दिला होता. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिला त्या गंजाची सगळी हकिकत माहीत होती. कुंकवात बोट बुडवून ती क्षणभर थांबली.

"लावू का रे? की नको?"

"लाव ना."

ती वाकली. चष्मा नाकावर घसरलेला. "हा डाग नाहीच गेला का?"

"नाही गेला. ठेवलाय."

तिनं त्या काळ्या ठिपक्यावर, बरोबर त्याच जागी, बोट टेकवलं. अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला, आरती झाली. प्रसाद वाटून होईपर्यंत मी थांबलो, अर्धा तास असेल. मग चाकू उचलून खिडकीत नेला आणि मऊ सुती फडक्यानं पातं पुसलं. फडक्यावर तांबडं उमटलं. उजेडात धरून मी ते दोनदा पाहिलं, बोटांत चोळून पाहिलं. कुंकूच होतं.